ळ हरवलेला पानमळा

कराडच्या एसटी स्टँडापासून चालत पाच मिनिटांवर माझं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर उघडलं आणि गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा बंद केलं. पाटी लावली त्या महिन्यात दोनच गिऱ्हाइकं आली. एक जण व्हीसीआर घेऊन आला, दुसरा खतांच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक तराजू. दोन्ही दुरुस्त करून दिले. ‘हे आमचं काम नाही’ असं म्हणण्याइतकं काम तेव्हा नव्हतंच.

खरी अडचण वेगळी होती. माणसं दुकानात यायची, मला बघायची आणि माझ्या मागच्या भिंतीकडं बघत विचारायची, “साहेब कुठायत?”

“साहेब नाहीत. मीच आहे.”

“मग येतील तवा येतो की.”

उंब्रजचा एक सेवानिवृत्त मास्तर साहेबांची वाट बघत तासभर बाकड्यावर बसून राहिला. तेवढ्या वेळात मी त्याचा मॉनिटर उघडून, साफ करून, चालू करून त्याच्या पुढ्यात ठेवला. तो म्हणाला, “वा! आता साहेबांना एकदा दाखवून घेतो.”

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. ओगलेवाडीच्या स्टेशनाजवळ आम्ही लहानाचे मोठे झालो. रुळाचा एक खिळा सैल राहिला तर काय होतं, हे त्यांनी आम्हाला अभ्यासापेक्षा जास्त वेळा सांगितलं होतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा मी त्यांच्याच हट्टानं केला. ‘बनसोड्यांची पोरगी मशीन उघडते’ हे वस्तीत त्यांनीच सगळ्यांना सांगून ठेवलं.

या धंद्यात माणसं कळतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडं रांग लागायची, कारण खंडेनवमीला संगणकाचीही पूजा व्हायची. कीबोर्डवर नारळाचं पाणी आणि फ्लॉपी घालायच्या फटीत हळद-कुंकू. मी ब्रशनं कुंकू झाडत बसायची. एका व्यापाऱ्याला म्हटलं, “पुढच्या वर्षी बाहेरून ओवाळा, आत घालू नका.” तो म्हणाला, “आवं ताई, आत देव असतोय. बाहीर नुसता डबा.”

त्याचं अगदीच चूक नव्हतं. आत जी ऑपरेटिंग सिस्टिम असते ती काय, हे मी गिऱ्हाइकांना एसटी स्टँडावरून समजावायची. गाड्या आहेत, ड्रायव्हर आहेत, प्रवासी बसलेत. पण कंट्रोलर जागेवर नसेल तर एकही गाडी हलत नाही. संगणकातला हा कंट्रोलर कधी कधी बिघडतो. मग जुन्याला पूर्ण काढून नवा बसवावा लागतो. बसवणं कठीण नाही, वेळखाऊ आहे. कठीण काय, तर जुन्याबरोबर त्याच्या खोलीतलं काय काय बाहेर जातंय हे आधी ओळखणं. हे मला एका माणसामुळं कळलं, आणि माझ्या चुकीमुळं कळलं. ती गोष्ट सांगायलाच लिहायला बसले आहे.

एके दिवशी सकाळी धोतर, पांढरा सदरा आणि टोपी घातलेले एक गृहस्थ दुकानात आले. वय सत्तरीच्या आसपास. दोन्ही हातांनी छातीशी धोतराचं एक गाठोडं धरलं होतं. पायरी चढताना त्यांनी आधी पायानं चाचपून बघितली. गाठोडं टेबलावर ठेवून सोडलं. आत लॅपटॉप होता. त्या काळात कराडात लॅपटॉप म्हणजे अपूर्वाईच. हा तर चांगला सात-आठ वर्षांचा, विटेसारखा जाड, एका कोपऱ्यात चिकटपट्टी लावलेला.

त्यांनी साहेब कुठायत असं विचारलं नाही. म्हणाले, “सांगलीत दोघांनी सांगितलं, ह्यो टाकून द्या. कारखान्यातला आमचा पाव्हणा म्हणला, कराडात एक बाई हाय, ती टाकून द्या म्हणत न्हाई.”

ते भूपाल मगदूम. मिरजेच्या पूर्वेला पानमळ्यांच्या पट्ट्यातले जैन शेतकरी. सगळे त्यांना अप्पा म्हणत. मुलगा बेंगळूरला नोकरीला होता. कंपनीनं काढून टाकलेला हा लॅपटॉप त्यानं वडिलांना आणून दिला होता. बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळं वीज असेल तोवरच चालायचा. अप्पा लिहीत असताना वीज गेली आणि परत आली तेव्हा काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ सोडून काहीच उमटेना.

“आत काय आहे अप्पा?” मी विचारलं.

“आत पानमळा हाय,” ते म्हणाले.

तीन वर्षं, दोन बोटांनी, त्यांनी पानमळ्याचं पुस्तक लिहिलं होतं. विड्याच्या पानाची वेल कशी लावायची, तिला चढायला शेवरी, शेवगा, पांगारा कुठं आणि किती अंतरावर पेरायचा, वेल बांधायची कशी, पानं खुडायची कोणत्या दिवसात, आणि वर्षातून एकदा वेल खाली उतरवून, गुंडाळून मातीत पुरायची ती कशी. त्यांच्या मुलाला यातलं काही येत नव्हतं, पुतण्यांना द्राक्षं हवी होती. “म्हनून म्हनलं, माझ्याबरूबर जायला नगं,” अप्पा म्हणाले.

“कागदावर लिहिलेलं काही आहे?”

“एक पान हाय. पोरानं छापून आणलं हुतं, नमुना म्हनून. बाकी सगळं ह्यात.” मग म्हणाले, “परत लिवायचं म्हनलं तर डोळं न्हाईत. काचबिंदू. मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलंय, एक गेलाय, दुसरा जाणार. आता बोगद्यातनं बघावं एवढंच दिसतंय.”

मी लॅपटॉप ठेवून घेतला. तपासल्यावर कळलं की डिस्क बरी आहे, पण विजेच्या झटक्यात ऑपरेटिंग सिस्टिमच्या फायली मोडल्यात. सगळं पुसून नवीन भरण्यावाचून इलाज नव्हता. मी फ्लॉपीवरून मशीन चालू केलं आणि आधी अप्पांचा कप्पा शोधला. एकेका प्रकरणाची एकेक फाइल. त्या सगळ्या मी फ्लॉप्यांवर उतरवल्या. एक प्रत नाही, दोन. संख्या मोजली, आकार ताडून बघितला. माझ्या दुकानातल्या संगणकावर एक फाइल उघडूनही बघितली. पडद्यावर टिंबं डोक्यावर घेतलेली इंग्रजी अक्षरं, पौंडाची खूण, उलटं प्रश्नचिन्ह असला खिचडा दिसला. मी मनात म्हटलं, माझ्या मशीनवर मराठी फॉन्ट नाही, म्हणून असं दिसतंय. लॅपटॉपवर दिसेल नीट.

आणि लॅपटॉप पुसला.

नवीन सिस्टिम तेरा फ्लॉप्यांवर होती, कारण त्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नव्हती. एक घाला, घरघर ऐका, काढा, दुसरी घाला. नवव्या फ्लॉपीला गेल्या पावसाळ्यात बुरशी धरली होती, तिथं काम अडलं. इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमधून दुसरी मागून आणली आणि पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप ताजातवाना होऊन उभा राहिला. मी खुशीत अप्पांच्या फायली परत भरल्या आणि पहिलं प्रकरण उघडलं.

तोच खिचडा. टिंबं, पौंड, उलटं प्रश्नचिन्ह.

आजच्या वाचकांना सांगायला हवं. तेव्हा संगणकावर मराठी लिहायचा एक असा नियम नव्हता. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठल्या आकड्याला ‘क’ दाखवायचा आणि कुठल्याला ‘प’, हे ज्याचा त्याचा फॉन्ट ठरवायचा आणि प्रत्येक फॉन्ट करणाऱ्याची तऱ्हा वेगळी. अप्पांचा मजकूर फायलींत होता, पण तो वाचायची किल्ली, म्हणजे फॉन्ट, सिस्टिमच्या कप्प्यात होता. तो कप्पा मी पुसून वर तेरा फ्लॉप्या भरल्या होत्या. खालचं काही काढता येतं का म्हणून दोन दिवस सगळे उपाय केले. नाही मिळालं.

फोनवर सांगता आलं असतं. अप्पांच्या शेजाऱ्यांकडं फोन होता. पण असली गोष्ट फोनवर सांगायची नसते. सांगली गाठली, मिरजेहून पुढची गाडी धरली आणि अप्पांच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

त्यांच्या पत्नी, आक्का, बाहेर आल्या. मी कोण, कुठली, आडनाव काय, सगळं विचारून झालं. आडनाव सांगितल्यावर चहा कशातून येतो यावरून घर ओळखायचं, ही सवय आम्हाला लहानपणापासूनची. चहा कपबशीतून आला, अप्पांना दिला तसल्याच कपातून. मग मी घडलं ते सांगितलं. काही लपवलं नाही. चूक माझी आहे हे दोनदा सांगितलं.

अप्पांनी विचारलं, “म्हंजे पुसलं?”

“पुसलं नाही अप्पा. सगळं आहे. फक्त वाचता येत नाही.”

“वाचता तर मला बी येत न्हाई आता,” ते म्हणाले, आणि चक्क हसले.

आक्का हसल्या नाहीत. “तीन वर्सं ह्यांचं जेवण गार झालंय त्या टकटकीपायी. आता म्हणायचं, वाचता येत न्हाई?”

“मी फॉन्ट शोधून आणते,” मी म्हटलं.

“आन न्हाई घावला तर?” आक्कांनी विचारलं.

“तर एकेक अक्षर बसवीन. पण पुस्तक देईन.”

हे मी धीरानं बोलले खरं, पण परतीच्या गाडीत माझ्या मनात एकच हिशोब चालला होता. एका छापील पानावरून किती अक्षरांची किल्ली जुळेल? निम्मी? त्याहून कमी?

फॉन्टचं नाव तेवढं फाइलमध्ये दिसत होतं. कृष्णाई. अप्पांच्या मुलाच्या मित्रानं तो सांगलीतल्या एका छापखान्यातून आणला होता; त्याच्याकडं आता प्रत उरली नव्हती. त्या छापखान्याच्या मालकानं स्वतःच लग्नपत्रिकांसाठी तो तयार केला होता. मालक वारला होता आणि छापखान्याच्या जागी आता चपलांचं दुकान होतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी दुकान अर्धा दिवस उघडं ठेवलं आणि अर्धा दिवस एसटीत काढला. कराड झालं, साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूचे छापखाने झाले, सांगलीतल्या छापखान्यांच्या गल्ल्या झाल्या. “कृष्णाई? ते तर हाटेल हाय, बायपासला.” एकानं मोठ्या खात्रीनं दुसराच फॉन्ट दिला. तो लावल्यावर ‘पानमळा’च्या जागी ‘खिटशगो’ असं काहीतरी आलं. चौथ्या दिवशी मला वाटू लागलं की लोक मला चुकवतात. सातव्या दिवशी खरंच एकानं मला बघून शटर ओढलं.

शेवटी सांगलीत एक म्हातारे कंपोझिटर भेटले. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात आयुष्य गेलेले, संगणकाला ते ‘ती पेटी’ म्हणायचे. ते म्हणाले, “त्याची पेटी विट्याला गेली. तानाजीनं नेली. पत्रिका छापतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विट्यात होते. मे महिना होता. विट्याची निम्मी माणसं देशभर गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामात पांगलेली. लग्नं करायला ती सगळी उन्हाळ्यातच गावी येतात. त्यामुळं तानाजीच्या छापखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ती ‘पेटी’ मधोमध होती आणि दळणाच्या गिरणीसारखी घरघरत होती.

मी काय हवंय ते सांगितलं. तानाजीनं मान हलवली. “ताई, आठ लग्नं हायत ह्या आठवड्यात. मशीनला हात लावायचा न्हाई.”

“एक फाइल घ्यायची आहे. पाच मिनिटं.”

“मागं एक जण असाच पाच मिनिटं म्हणला आन माझी सगळी डिझाइनं घिऊन गेला. आता त्यो पलीकडच्या गल्लीत पत्रिका छापतोय.”

मी घरघर ऐकली. “हा आवाज कधीपासून आहे?”

“महिना झाला.”

“आतला पंखा जाम होतोय. आज-उद्या बंद पडेल. मग उष्णतेनं डिस्क जाईल आणि तुमची आठही लग्नं त्यात जातील. मी दुरुस्त करून देते. पण आधी फॉन्ट.”

“आधी पंखा,” तानाजी म्हणाला.

“नाही. आधी फॉन्ट. मशीन उघडताना काही झालं तर फॉन्ट जाईल. एकदा घाई केली, तिची फेड करत फिरतेय.”

त्यानं विचारलं, कसली घाई? मग मी उभ्या उभ्या त्याला सगळं सांगितलं. मजकूर जुळवणारा माणूस तो, त्याला दोन वाक्यांत समजलं. “तीन वर्सांचं लिखाण?” एवढंच तो म्हणाला आणि स्टूल पुढं सरकवलं. पण विजेच्या बटणावर हात ठेवून उभा राहिला. मी दुसरं काही उघडलं असतं तर तिथल्या तिथं बटण बंद केलं असतं.

कृष्णाई होता. मी तो दोन फ्लॉप्यांवर घेतला. मग अप्पांची पहिली फाइल त्याच्याच मशीनवर उघडली. पडद्यावर मराठी उमटलं. तानाजी वाकून वाचू लागला आणि म्हणाला, “ताई, ह्यातला ळ कुठाय?”

खरंच नव्हता. पुस्तकाच्या नावात ‘पानम’, मग एक रिकामी चौकट, मग काना. ‘वे’ आणि चौकट. ‘सका’ आणि चौकट. तानाजी हसायला लागला. “ह्यो पयला कृष्णाई. त्या मालकानं ळ मागनं बसवला आसंल. मला कवा लागला तर मी दुसऱ्या फॉन्टातनं उचलून आणतो. म्हनून आमच्या पत्रिकेत ढवळे, कांबळे, सगळ्यांचा ळ जरा मोठाच.”

मी त्याचा पंखा काढून साफ केला, तेल दिलं, घरघर थांबवली. निघताना त्यानं मला त्याच्या मोठ्या ‘ळ’चा फॉन्टही भरून दिला.

दुकानात बसून मी सगळ्या प्रकरणांत चौकटीच्या जागी तानाजीचा ळ बसवला. ते काम मशीननं केलं, पण काही जोडाक्षरांच्याही जागी चौकटी होत्या. त्या एकेक करून वाचून ओळखाव्या लागल्या. त्या निमित्तानं पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं. चांगलं होतं. अप्पा बोलतात तसंच लिहितात, मातीला हात लावून.

आणि मग एकोणिसावं प्रकरण आलं. वेल का मरते, हा त्याचा विषय. चांगली हिरवी वेल आठ दिवसांत मुळापासून जाते आणि एका वेलीमागून सगळी ओळ जाते. त्याचं कारण अप्पांनी लिहिलं होतं. पानमळ्याला विटाळ सोसत नाही. अडचणीच्या दिवसांत बाईचा पाय आत पडला तर वेल जाते. आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला बांधाच्या आत घेऊ नये, त्याच्या सावलीनंही ओळ बसते, म्हणजे मरून जाते. दोन पानं होती, उदाहरणांसकट.

मी खुर्ची मागं सरकवून बराच वेळ त्या पडद्याकडं बघत राहिले. ज्या अक्षरांसाठी पंधरा दिवस एसटीत धूळ खाल्ली ती अक्षरं हीसुद्धा होती. ‘विटाळ’मधला ळ मीच बसवला होता. दोन पानं उडवायला दोन बटणं पुरली असती. अप्पांना अक्षर दिसत नव्हतं. आक्कांना वाचता येत नव्हतं. फायलींच्या गोंधळात गेली म्हटलं असतं तर कुणाला शंका आली नसती. खोटं कशाला बोलू, बोट बटणापर्यंत गेलं होतं. मग मी फाइल बंद केली.

दुकानाला सुट्टी गुरुवारी असायची. पुढचे पाच गुरुवार मी अप्पांच्या घरी गेले. लॅपटॉप ओसरीवर ठेवायचा, मी मोठ्यानं वाचायचं, अप्पांनी चुका सांगायच्या. धंद्यातले कितीतरी शब्द मला माहीत नव्हते, चौकटीत काय असेल ते त्यांनाच ठाऊक. वाचून झालं की ते मला मळ्यात न्यायचे, वाचलेलं प्रत्यक्ष दाखवायला. बांधावर चपला काढायच्या, मळ्यात अनवाणीच जायचं. आत गारवा, हिरवा अंधार. अप्पांना तिथं डोळ्यांची गरज नव्हती. वेलीवरून हात फिरवत ते सरळ चालत जायचे आणि मागून मला ठेच लागायची.

चौथ्या गुरुवारी मळ्याकडं निघताना आक्कांनी मला बाजूला घेतलं. हळूच विचारलं, “अडचण न्हाई न्हवं?”

“नाही,” मी म्हटलं.

अडचण होती. पण मी खोटं बोलले, आणि आत जाऊन तिसऱ्या ओळीत अप्पांशेजारी अर्धा तास उभी राहिले.

परत आल्यावर एकोणिसावं प्रकरण वाचायला घेतलं. पहिली पानं वाचली. मग ती दोन पानं वाचली. शब्द न् शब्द वाचला. माझा आवाज बदलला नाही. तो बदलू नये याची मी काळजी घेतली. वाचून झालं. खांबाला टेकून बसलेल्या अप्पांनी विचारलं,

“तुमचं आडनाव बनसोडे न्हवं?”

“हो.”

“मग हे कशाला वाचलंसा? मला काय दिसत हुतं व्हय? गाळायचं की.”

“एकदा तुम्हाला न विचारता तुमचं पुसलं, अप्पा. दुसऱ्यांदा पुसणार नाही.”

मीच पुढं म्हटलं, “आणखी एक सांगते. आज मला अडचण आहे. आक्कांनी विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. तिसऱ्या ओळीत उभी होते.”

आक्का दारातच होत्या. हातातलं सूप तिथंच ठेवून त्या आत निघून गेल्या. अप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “आमच्या बानं सांगितलं, म्या लिवलं,” ते हळू म्हणाले. “बघू.”

त्या दिवशी चहा झाला नाही. मी मुकाट्यानं लॅपटॉप बंद करून निघाले. पुढच्या गुरुवारी जावं की नाही याचा आठवडाभर विचार केला. शेवटी वाटलं, ते दार लावून घेतील तर घेवोत, पण काम अर्धवट टाकून मी घरी बसणार नाही.

गेले तर अप्पा ओसरीवर वाटच बघत होते. मी चपला काढायच्या आधीच ते बोलायला लागले.

“आठ दिस रोज सकाळी जातुय. तिसऱ्या ओळीला, एकेक वेल हातानं बघतुय, बुडापासनं. हाय तशी हाय.”

मी लॅपटॉप खाली ठेवला.

“म्या धा-अकरा वर्सांचा आसंन. आमचा निम्मा मळा बसला. सगळ्यांनी माझ्या आईला बोल लावला, हिचाच पाय पडला आसंल. बापानं तिला वर्सभर मळ्यात येऊ दिलं न्हाई. ती बांधावर बसून ऱ्हायाची. फुडच्या वर्सी बी मळा बसला. तवा तर ती आत आलीच नव्हती की. ही गोष्ट मला कवापासनं ठावं हाय बघा. तरी म्या लिवलं.”

मग म्हणाले, “पुसा ते.”

मी लॅपटॉप उघडला. प्रकरण काढलं. दोन्ही पानं निवडली. “अप्पा, हे गेलं की परत येणार नाही. नक्की पुसू?”

अप्पा बोलायच्या आत आतून आक्कांचा आवाज आला. “पुसा म्हणत्यात न्हवं? मग पुसा.” त्या बाहेर आल्या आणि दोन कप चहा आमच्या मधे ठेवून तिथंच बसल्या.

मी पुसलं.

“आता तिथं काय लिहू?”

अप्पांनी विचार करून एकच वाक्य सांगितलं आणि मी ते टाइप केलं. ‘वेल मुळापासून का जाते, हे मला नक्की सांगता येत नाही.’

दिवाळीनंतर पुस्तक तानाजीनं छापलं. तोवर अप्पांचा दुसरा डोळाही गेला होता. पानं जुळवताना तानाजीचा मला फोन आला. “ताई, एकुणिसाव्या प्रकरणात शेवटी निम्मं पान मोकळं दिसतंय. वेलीचं चित्र टाकू का? बरं दिसंल.” मी म्हटलं, विचारून सांगते, आणि अप्पांच्या शेजाऱ्यांकडं फोन लावला. त्यांना बोलावून आणेपर्यंत बराच वेळ गेला. मी विचारलं.

“चित्र नगं,” अप्पा म्हणाले. “ऱ्हाऊ द्या मोकळं. ज्याला कळंल, त्यो लिवंल तिथं.”